दातातली पिन

गाडीच्या चाकाला नेमका कसा आवाज येतो, हे गिऱ्हाईक कधी सांगत नाही. करून दाखवतं. नाशकात द्वारकेजवळच्या एका गॅरेजात मी सत्तर सालाच्या आगेमागे लागलो आणि पुढे हातांनी साथ दिली तोवर चाकांचंच काम केलं. एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकांच्या तोंडून भुंगे, दळणाची जाती, पिठाच्या गिरण्या आणि गुरगुरणारी मांजरं ऐकली. एक डॉक्टर यायचे. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणारे हे गृहस्थ माझ्यासमोर स्वतः आ करून ‘घुंऽऽ’ असा सूर लावायचे आणि काळजीनं विचारायचे, सिरियस आहे का? मी चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचो, स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबला आणि मूठ कानाला लावायचो. डॉक्टरांना याचं फार कौतुक. त्यांच्या गळ्यातल्या नळीपेक्षा माझा स्क्रू ड्रायव्हर स्वस्त, असं ते दरवेळी म्हणायचे आणि दरवेळी मला हसावं लागायचं.

ज्यांनी चाकाच्या आत कधी डोकावलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाक फिरतं, पण ते ज्यावर फिरतं ती पुढची आस फिरत नाही. आसेवर हब बसतो. हब म्हणजे चाकाचा गाभा. हबच्या पोटात दोन बेअरिंगा असतात, आत छर्रे आणि भरपूर ग्रीस. हबला ब्रेकचा ड्रम जोडलेला असतो आणि त्या ड्रमवर बाहेरून चाक चढवून पाच नटांनी आवळतात. पंक्चर काढताना रस्त्यावर सगळे जे नट खोलतात ते हे पाच. पण अख्खा हब आसेवर ज्याच्या जोरावर टिकतो तो नट वेगळा. तो एकटाच असतो, मधोमध, पत्र्याच्या छोट्या टोपीखाली झाकलेला. गाडीच्या मालकानं तो जन्मात पाहिलेला नसतो.

या नटाची गंमत अशी की तो पूर्ण आवळायचा नसतो. आधी घट्ट आवळायचा, चाक फिरवून बघायचं, मग किंचित मागे सोडायचा. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळते, जास्त सोडला तर चाक डुगडुगतं. आमच्याकडे एक हेडमास्तर आले होते, ते हे बघून भडकले. माझ्याकडे ढिलं काम चालणार नाही, म्हणाले. मी समजावून पाहिलं. त्यांनी छडी शोधावी तसं इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतः उभं राहून नट आवळून घेतला. सातपूरला पोचेपर्यंत चाकातून धूर निघाला. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली तेव्हा हेडमास्तर बाकड्यावर शेवटच्या बाकावरच्या मुलासारखे बसले होते. मी काही बोललो नाही, पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

तर असा हा मुद्दाम सैल ठेवलेला नट. तो धावत्या गाडीत उलगडू नये म्हणून त्याच्या खाचेतून आणि आसेच्या भोकातून एक पिन आरपार घालायची आणि पकडीनं तिची दोन टोकं दोन बाजूंना वाकवायची. कॉटर पिन. करंगळीच्या दोन पेरांएवढी. माझ्या आयुष्याची गोष्ट या पिनेची आहे.

आमचे मालक अण्णा. हे काम मला त्यांनीच शिकवलं. त्यांचा एक नियम होता. हब खोलला की आधी डबीतून नवी पिन काढायची आणि दातात धरायची. ती दातातून निघेल ती थेट नटाच्या भोकात जाईल, मधे कुठेही ठेवायची नाही. खिशात नाही, बाकावर नाही, कानावर नाही. पिन दातात आहे तोवर काम बाकी आहे. त्यामुळे चाकाचं काम चालू असताना आम्ही कुणी बोलत नसू. नवी गिऱ्हाइकं आम्हाला उर्मट समजायची. ‘हां’ आणि ‘हूं’ यांवर आमचा कारभार चाले. आम्ही तोंड उघडलं की अण्णांना पाठमोऱ्यानंही कळायचं की चाक झालं.

मी नाशिक रोडला राहायचो, स्टेशनपासून जवळ, आमच्या लोकांच्या वस्तीत. आम्ही बौद्ध. गॅरेजात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा मी हात जोडत नसे. अण्णांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी पेढा पुढे केला, मी क्षणभर थांबलो, तर म्हणाले, ‘हा देवाचा म्हणून नको घेऊ, माझा म्हणून घे.’ तेव्हापासून मी दरवर्षी अण्णांचा पेढा घेत आलो. पूजेला लावलेली हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाहीत, हाही तिथला रिवाज, आणि तो मी बाकीच्यांइतकाच पाळायचो.

दगडूभाऊ आमच्याच भागातले. नाशिक रोड स्टेशनवरून त्र्यंबकेश्वरला यात्रेकरू नेणारी त्यांची काळी-पिवळी अँबॅसेडर होती. माणूस बोलका. त्यांच्या टॅक्सीला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. स्टँडवर ते लोकांना सांगायचे, आपल्या मधूनं बसवलेलं चाक एकदा बसलं की टायर संपेल, चाक नाही हलायचं. मधू म्हणजे मी. हे ऐकून मी वरवर लाजायचो.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची खंडेनवमी असेल. दगडूभाऊ दुपारी गाडी घेऊन आले. पुढचं डावं चाक गुणगुणत होतं आणि दसऱ्याला त्यांना बायकोला घेऊन चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं होतं. मी हब ओढून काढला. बाहेरची बेअरिंग गेली होती. नवी बसवली, ग्रीस भरलं, हब चढवला, नट आवळून मागे सोडला. पिन दातात होती. तेवढ्यात मागून अण्णांची हाक आली. गुरुजी खोळंबलेत, तेवढी पक्कड दे.

पोतं अंथरून सगळी हत्यारं मांडून झाली होती. पाने, हातोड्या, पुलर, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं होतं. राहिली होती फक्त माझ्या हातातली पक्कड. दोन मिनिटं थांबा, असं म्हणायला हवं होतं. पण दातात पिन होती आणि ‘हूं’ एवढाच शब्द माझ्याकडे होता. मी पक्कड दिली. पूजा सुरू झाली. झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, उदबत्तीची राख असं सगळं उडायला लागलं. उघड्या ग्रीसमध्ये कचरा जाऊ नये म्हणून मी टोपी नुसती तळव्यानं दाबून बसवली. पूजा झाली की टोपी काढू, कुणाच्या तरी डिकीतली पक्कड मागू, पिन घालून वाकवू, असा माझा विचार होता.

मग अण्णा पेढा घेऊन समोर आले. पेढा खायचा तर तोंड रिकामं हवं. मी पिन दातातून काढली, खाकी शर्टाच्या खिशात टाकली आणि पेढा तोंडात घातला.

एवढंच घडलं. तोंडात पेढा होता, दातात पिन नव्हती, म्हणजे काम झालं. एवढ्या वर्षांची सवय माझ्या डोक्यात अशी बसली होती की मला तिळमात्र शंका आली नाही. मी हात धुवायला गेलो. दगडूभाऊंनी आपल्याच डिकीतला पाना काढून चाक चढवलं, पाच नट आवळले, मला दुरून हात केला आणि गेले.

दसरा आमच्यासाठी धम्मदीक्षेचा दिवस. दुसऱ्या दिवशी मी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. दुपारी कार्यक्रम संपत आला असताना बातमी आली की दगडूभाऊंची टॅक्सी चांदवडच्या अलीकडे मोरीच्या कठड्यावर आदळली. चाक निखळलं. वहिनी मागे बसल्या होत्या, त्यांना मुका मार लागला. दगडूभाऊंचा पाय पत्र्यात अडकला होता. मी घरी धावत आलो. खाकी शर्ट खुंटीला होता. खिशात हात घातला तर पिन हाताला लागली. तिला पेढ्याचा कण चिकटलेला होता.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी ओढून आणायला अण्णा आणि मीच गेलो. डाव्या बाजूची आस उघडी पडली होती, तिच्यावर काहीच नव्हतं. चाक पंचवीस पावलांवर कांद्याच्या वाफ्यात सापडलं. ते एकटं आलं नव्हतं, ड्रमसकट आलं होतं. ड्रमवर त्याचे पाचही नट घट्ट होते, एकही हललेला नव्हता. कुठल्याही मिस्तरीला याचा अर्थ विचारावा लागत नाही. चाकाचे नट ढिले राहिले तर चाक निघतं आणि ड्रम आसेवरच राहतो. ड्रमसकट सगळंच आलं म्हणजे मधला नट उलगडला. अण्णांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘मधू, चाक ड्रमसकट आलंय,’ ते म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांनी चाकावर पोतं टाकलं आणि ट्रकच्या मागे चढवलं. या विषयावर अण्णा आणि मी त्यानंतर कधीच बोललो नाही.

मी दगडूभाऊंना सांगायला दवाखान्यात गेलो होतो. पिन खिशात होती. पण माझ्या आधीच तिथे निकाल लागलेला होता. झालं होतं असं की चांदवडला जाताना ते वाटेत पिंपळगावला सासुरवाडीला थांबले होते, आणि चहा होईपर्यंत तेच डावं चाक बसलं. पंक्चर. वहिनींचा धाकटा भाऊ नामदेव, त्यानं चाक बदलून दिलं. कांद्याची शेती करणारा सरळ पोरगेला माणूस, गाड्यांची हौस असलेला. शेवटी चाकाला हात त्याचा लागला होता आणि चाकच निखळलं होतं. दगडूभाऊ गुंगीतसुद्धा तेच बोलत होते, नाम्यानं नट आवळले नाहीत. शारदावहिनी उशाशी बसून ऐकत होत्या. मला पाहून दगडूभाऊंनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘तू बसवलेलं चाक होतं रे. त्यानं उगाच हात लावला.’

मी तो हात तसाच धरून उभा राहिलो आणि काही बोललो नाही. त्या वेळी माझ्या दातात पिन नव्हती.

का गप्प राहिलो, याचं मी स्वतःला बरीच वर्षं एक उत्तर देत आलो. त्याआधी एकदा दुसऱ्याच कुणाच्या हातून एका गाडीचा ब्रेक नीट लागला नव्हता, तेव्हा एक गिऱ्हाईक मला ऐकू जाईल असं बोललं होतं की, हत्यारांना हात न जोडणारे लोक कामाला ठेवल्यावर दुसरं काय होणार. आता तर खंडेनवमीच्याच दिवशी, पूजा चालू असताना, माझ्या हातून हे झालेलं. चूक माझी एकट्याची होती, पण खापर माझ्या सगळ्या लोकांच्या डोक्यावर फुटलं असतं. हे कारण खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं की मी भ्यायलो. ‘आपल्या मधूनं बसवलेलं चाक’ हे मला ऐकत राहायचं होतं.

दरवर्षी दसऱ्याला विहारात पंचशील म्हणायचो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी मनाशी म्हणायचो, मी खोटं कुठे बोललो, मला कुणी विचारलंच नाही. तरी तिथे माझा आवाज खाली यायचा. शेजारी बसलेल्याला वाटायचं, घसा बसला असेल.

मग एकदा विचारणाराही आला.

त्या काळात आमच्या गॅरेजात एक जोडधंदा चालायचा. भंगारातले गाड्यांचे जुने हब घेऊन आम्ही ते बैलगाड्यांना बसवून द्यायचो. लाकडी चाकाची गाडी टायरवर आली की बैलांचा निम्मा भार हलका होतो. हब बैलगाडीच्या लोखंडी कण्यावर बसत नाही, त्यासाठी कण्याची टोकं लेथवर उतरवून घ्यायची, बेअरिंगच्या मापाला आणायची, आटे पाडायचे, पिनेसाठी भोक मारायचं. अपघाताला चारेक वर्षं झाली असतील. नामदेव टेम्पोत आपला कणा घालून आला. गाड्यांची हौस त्यानं सोडून दिली होती. मोटारीत मागच्या सीटवर बसायचा, पंक्चर झालं तर दूर जाऊन उभा राहायचा, असं मी ऐकून होतो.

काम होईपर्यंत तो माझ्यासमोर उकिडवा बसून होता. मी नट आवळला, मागे सोडला, दातातली पिन काढून भोकात घातली, पकडीनं टोकं वाकवली. त्याचं लक्ष माझ्या हातांकडे होतं.

‘मिस्तरी, ही कशाला लावत्यात?’

नट फिरू नये म्हणून, मी सांगितलं.

त्यानं वाकवलेली टोकं बोटानं चाचपली. मग म्हणाला, ‘एक इचारू का? त्या दिसाचे पाच नट मी पायानं पाना दाबून आवळले व्हते. लय घट. मला सपष्ट आठवतंय. तरी निघत्यात का वो?’

त्याला माझ्याकडून काय हवं होतं ते मला समजत होतं. ‘नाही निघत’ एवढे दोन शब्द. ते म्हटले असते तर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं. आणि म्हणूनच मी ते म्हटले नाहीत. मी चिंधीला हात पुसले आणि म्हणालो, ‘रस्ते खराब असतात. काय सांगावं.’

त्यानं मान डोलावली. बैलगाडीचा कणा उचलायला मी हात लावला, तर नको म्हणाला आणि एकट्यानंच टेम्पोत चढवला. गॅरेजात माझ्यासमोर माणसं रडली आहेत, भांडली आहेत, एकानं तर पाना फेकून मारला होता. पण त्या दिवसासारखा मी कधी कुणापुढे लहान झालो नाही.

आणखी तीन वर्षं अशीच गेली. दगडूभाऊ तोवर कुबडी घेऊन स्टेशनच्या टॅक्सी स्टँडवर नंबर लावायचं काम करत होते. मी दिसलो की चहा पाजायचे. भाऊबीजेच्या दुपारी मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. आम्ही ओट्यावर बसलो होतो. वहिनी चिवड्याची ताटली घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. फाटकापाशी नामदेव उभा होता. नवी टोपी, हातात पिशवी. वहिनींनी ताटली खाली ठेवली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. नामदेव थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग पिशवी फाटकाच्या खिळ्याला अडकवून आला तसा गेला. दगडूभाऊ चहा ढवळत म्हणाले की दरवर्षीचं आहे हे, दरवर्षी येतो.

मी ताटली बाजूला सारली. पिन माझ्या चष्म्याच्या डबीत असायची. मी ती काढून दगडूभाऊंच्या समोर ठेवली, वहिनींना बाहेर बोलावलं आणि सांगायला लागलो. पक्कड, पाकळ्या, पेढा, खिसा. ड्रमसकट आलेलं चाक आणि त्यावरचे पाच घट्ट नट. सांगताना मी दोघांकडेही बघत नव्हतो.

वहिनींनी पिन उचलली, तळहातावर घेऊन पाहिली.

‘एवढीशी?’ त्या म्हणाल्या.

दगडूभाऊ मला मारतील असं वाटलं होतं, आणि मारावं असंही वाटत होतं. त्यांनी कुबडी उचललीसुद्धा, पण ती नुसती मांडीवर आडवी घेतली.

‘पायाचं जाऊ दे,’ ते म्हणाले. ‘पण हिच्या सात भाऊबीजा गेल्या, मधू. त्या तू कुठून आणशील?’

वहिनी तोवर फाटकापाशी गेल्या होत्या. त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. नामदेव केव्हाच एसटीला गेला होता. त्यांनी खिळ्याची पिशवी काढली आणि तिथेच फाटकाच्या पायरीवर ती मांडीवर घेऊन बसल्या. पिशवीत सीताफळं होती. मी उठलो तेव्हा मला कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वहिनी पिंपळगावला गेल्या, आणि पिन घेऊन गेल्या. ती परत मागायची माझी छाती झाली नाही.

महिन्याभरानं नामदेव गॅरेजात आला. मी एका जीपच्या चाकाशी बसलो होतो. त्याला पाहून दातातली पिन काढली आणि उभा राहिलो. माफीचं जे काही मनात जुळवून ठेवलं होतं ते बोलायला लागलो, तर त्यानं हातानंच थांबवलं. चूक हुईती माणसाच्या हातून, त्याचं काई नाय, म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला हायसं वाटलं. मग त्यानं विचारलं,

‘मी कणा घिऊन आलो व्हतो, तुम्हाला इचारलं व्हतं. तवा तुम्हाला ठाव व्हतं का?’

‘होतं,’ मी म्हणालो.



‘आसं व्हय,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, तुम्हालाबी मागूनच कळलं आसंल.’

एवढं बोलून तो द्वारकेकडे एसटी धरायला निघाला. मी हातातली पिन भोकात घातली, टोकं वाकवली, टोपी ठोकली. त्यानंतर नामदेव कधी आला नाही. बैलगाडीच्या चाकांचं ग्रीस बदलायला तो पिंपळगावातच दुसऱ्या कुणाकडे जातो, एवढं वहिनींनी एकदा सांगितलं.